रखमाची उन्हाळी

एप्रिल १९५६. आभाळ मोकळं होतं आणि सकाळीच झळा लागत होत्या. शेजारच्या गणपतच्या बायकोला, रखमाला, उन्हाळी लागली होती. लघवीला सारखी जळजळ व्हायची. मोहफुलं वेचताना आडोसा मिळत नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. घरच्यांनी धने भिजवलेलं पाणी दिलं, पण हुडहुडी भरून ताप चढला, पाठ दुखू लागली, तेव्हा मी गाडी जुंपली आणि आम्ही तिला नागभीडच्या दवाखान्यात नेलं.

रखमा गाडीतच निजून होती. बायकोचं असलं दुखणं परक्या पुरुषाला सांगायचं कसं, म्हणून गणपत डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, मले लघवीले जळजळ होऊन राह्यली."

"ताप आहे?"

"लय हाय जी. हुडहुडी भरते."

डॉक्टरांनी त्याच्या कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही तर गार आहात!"

गणपत खाली मान घालून म्हणाला, "ताप गाडीत हाय, साहेब."

डॉक्टर तडक गाडीपाशी आले. रखमाला तपासून म्हणाले, "जळजळ सुरू झाली तेव्हाच आणायचं. थंडीताप आणि पाठदुखी म्हणजे दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं." त्यांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. "भरपूर पाणी प्या, लघवी दाबून ठेवू नका."

"पानी पिऊन जाऊ कुठी, साहेब?" रखमा पुटपुटली. "तिथी सारे मानसंच."

"मी ताट्या बांधून देतो ना," गणपत सगळ्यांदेखत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आठवड्याने जळजळ थांबली. मोहाच्या झाडांमागे गणपतने बांबूच्या ताट्यांचा आडोसा उभा केला.