खाजणराणी आणि आठाची पाऊणपट

...आणि वर मलाच विचारतात, "अनुया, तू एवढी गप्प का असतेस गं?" आता तुम्हाला सांगते, आमच्या घरात, आमच्या आळीत, अख्ख्या चौलमध्ये सगळेच बोलत असतात, मग ऐकायला कुणीतरी नको का? मी मुळात कमीच बोलते. म्हणून तर आमच्या शाळेतल्या सरांनी कॉमिक काढायचं ठरवलं तेव्हा गोष्ट लिहून द्यायला हो म्हटलं, तेही दोन अटींवर. माझं नाव कुठे छापायचं नाही आणि मला बोलायला कुठे उभं करायचं नाही. सर म्हणाले, "बरं."

कॉमिक मुलांसाठी, इथलंच, आणि सुपरहीरो पण इथलीच. खाजणराणी. खाडीकाठच्या खाजणात, खारफुटीच्या चिखलात राहते, बगळ्यासारखी उडते. शहराचा कचरा बोटीत भरून आमच्या खाडीत ओतायला येतो तो कचराधीश, आणि त्याची बोट बुडवून त्याला ती पिटाळून लावते. इतकी सोपी गोष्ट. पण चित्रं काढणार गावातले कलाकार... इथून माझे हाल सुरू.

रावजीकाका चाळीस वर्षं होड्या रंगवतात. त्यांनी कचराधीशाची बोट काढली आणि तिच्यावर लफ्फेदार अक्षरांत लिहिलं, 'आई एकवीरा प्रसन्न'. मी हळूच म्हटलं, "काका, ही व्हिलनची बोट आहे." तर म्हणाले, "मंग काय कोरी सोडू पान्यात? बोट त्याची आसंल, पानी आपलं हाय."

कृष्णाबाई लग्नघराच्या भिंती रंगवतात. त्यांनी खाजणराणीला नथ, मुंडावळ्या, गजरा, कोपरापर्यंत हिरवा चुडा. म्हटलं, "उडताना गजरा पडेल ना हो?" तर म्हणतात, "घट्ट माळलाय मी."

आणि प्रणयदादा. तो वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, त्यामुळे पानांची मांडणी त्याच्याकडे. त्यानं पहिल्याच पानाखाली शुभेच्छुकांचे चोवीस चेहरे लावले. बावीस काढायला लावले, पण दोघं त्याचे मामा निघाले. ते अजून आहेत, बघा हवं तर. मी काही बोलले का? नाही. मी मुळात कमीच बोलते.

चार महिने गेले. सोमवारी छपाई, म्हणून रविवारी देवळाच्या सभामंडपात सर सगळ्यांना वाचून दाखवणार होते. पुढे मुलं, मागे मोठी माणसं, आणि मी खांबाआड. मुलं हसत होती, टाळ्या वाजवत होती, आणि मला काय वाटत होतं ते सांगत नाही, सांगता येणार नाही. नववं पान आलं. सर वाचतायत, "अष्टमीचा दिवस. दुपारचे बारा. खाडी तुडुंब भरलेली, आणि कचराधीशाची प्रचंड बोट..."

"थांबा मास्तर." मनुबाई. खाडीत शिंपल्यांतली कालवं काढण्यात उभा जन्म गेलेला. "आठमीला दुपारच्या बाराला खाडीन पानी कुठशी आयलं?"

आता तुम्ही किनाऱ्यावरचे, तुम्हाला माहीतच आहे, तरी सांगते. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे बाराला काय? ओहोटी. सभामंडपातल्या एकूण एक माणसानं बोटांवर मोजलं, आणि एकूण एक माणसानं मान हलवली. दुसरीतली काशी उठून म्हणाली, "मग बोट चिखलात रुतली आणि खाजणराणी घरी जेवायला गेली."

झालं. रावजीकाका म्हणतात, "लिवनाऱ्यानं तुडुंब लिवलं, मी भरलं पानी." कृष्णाबाई म्हणतात, "आधी संध्याकाळच होती, पण मावळतीला तांबडा रंग किती खपतो, म्हणून मी दुपार करून घेतली." प्रणयदादा म्हणतो, "मला वाटलं, पाऊणपट तुम्ही लोकांनी केली असेल." सहा पानं पाण्यानं भरलेली, नव्यानं काढायची कधी? सरांनी कागद गुंडाळले. "छपाई थांबवू. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी... काशीचं तोंड एवढंसं झालं.

"पन लिवलंय कोनी ह्ये?" मनुबाईंनी विचारलं. सरांनी छताकडे बघितलं. शब्दाला जागले बिचारे. आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तिनंच बोलावलं होतं त्याला."

सगळ्यांनी खांबाकडे बघितलं. मीही बघितलं, खांबामागे दुसरं कुणी आहे का. कुणी नव्हतं.

मग काय, सुटलेच. म्हटलं, "खाजणराणीनंच निरोप धाडला, अष्टमीला बाराला ये, खाडी तुडुंब असते. तो शहरातला, त्याला तिथी कुठे कळते, पाऊणपट कुठे येते?"

"आनि चित्रातलं पानी?" रावजीकाका.

"ते त्याच्या मनातलं पाणी. प्रणयदादा भोवती ढग काढेल, विचारांचा. ढग काढायला कितीसा वेळ लागतो?"

"मग माझी उडणारी पोरगी?" कृष्णाबाई.

"वरून बघतेय ती, कधी रुततो ते. बोट रुतली की अख्खं गाव टोपल्या घेऊन उतरतं आणि त्याचा कचरा त्यालाच उचलायला लावतं. त्यासाठी एकच पान नवं लागेल."

रावजीकाका म्हणाले, "म्हंजे देवीच्या नावाची बोट बुडली न्हाय. बरं झालं. मला झोप नव्हती." मनुबाई मला निरखून म्हणाल्या, "कोनाची गो तू? बोलतेस व्हय?" आणि काशी टाळ्या वाजवत सुटली. खरं सांगू? त्या दिवशी मी उडतच घरी गेले.

सोमवारी पुस्तक छापलं. माझं नाव रावजीकाकांनी मुखपृष्ठावर स्वतः रंगवलं, होडीवर काढतात तेवढ्या अक्षरांत, सहा फुटांवरून दिसतं. पहिली अट गेली. दुसरी कशी गेली, तर मुलं म्हणायला लागली, आम्हाला वाचायचं नाही, त्या ताईनं सांगितलं तसं ऐकायचंय. रेवदंडा झालं, माणगाव झालं, तुमची ही सातवी शाळा. "नाही" म्हणायचं मी रोज ठरवते. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि मी तोंड उघडलं की हे लोक माईक देतात.