चेहरा साफ दिसला पाहिजे

नाही-नाही, तिथं वर नोका लावू भाऊ — उतरा, उतरा निसणीवरून — तिथंच तर आमच्या पोरानं, वीरेंद्रनं, कॅमेरा लावला होता, अन् तिथूनच सारा घोळ झाला. वर पत्र्याखाली लावला का काय दिसते? टाळू दिसते लोकायची. गावात कोणाकोणाले टक्कल पडून राहिलं ते मले इचारा, दुपट्टा बांधून हिंडते बिचारे, पण आंगणात आले का दुपट्टा काढते अन् मले मोबाइलमध्ये सारं दिसते. टकलाचं काय करू मी? चेहरा पाहिजे मले. माणूस फाटकातून आत आला का नाकासमोर कॅमेरा पाहिजे — इथं, या खांबावर, माह्या डोक्याच्या वर हातभर. काय म्हणता, पोट्टे हात लावतीन? लावू द्या ना, हात लावणाऱ्याचा तरी चेहरा साफ येईन.

अन् भितीकडं तोंड नोका करू त्याचं. दिवाळीत चुना मारला आमी. रात्री त्या कॅमेऱ्यातला उजेड भितीवर पडते — तो लाल-लाल असते ना आतमध्ये, तो — मग भित चमकते अन् माणूस होते काळा. नाही तर उलटं, माणूस जवळ आला का तोंड पिठासारखं पांढरं, नाक नाही, डोळे नाही. कोळ्याचं जाळं मातर काय साफ दिसते, बाप्पा! काचीसमोर बसला होता एक कोळी, महिनाभर पाहिला मी त्याले, आमच्या नातवाले दाखवाले कामी आला. हे सारं मले पहिले कोणी सांगितलंच नाही. वीरेंद्र शिकलेला आहे, नागपूरले कंपनीत आहे, पण कॅमेरा लावनं अन् कॉम्प्युटर चालवनं काय एक आहे का? ऑनलाइन मागवला, शनिवारी आला, ठोकला, रविवारी गेला. तुमचं तसं नाही, तुमचे केस पिकले याच कामात, म्हणून तर तुमाले बलावलं एवढ्या दुरून.

फाटकावर बल्ब? हाव, लावा ना. रातभर जळला का चेहरा रंगीत दिसते म्हणते, खरं आहे का? मग लावा. दोन लावा. कॅमेऱ्याच्या डोळ्यात उजेड नोका जाऊ देऊ फक्त, बल्ब असा बाजूनं — हाव, तिथं. पाहा, तुमच्या आधी मलेच समजून राहिलं.

कोणाले पाहाचं आहे म्हणजे? चोराले पाहाचं आहे, आणखी कोणाले. आता — चोर तर सापडला तसा. सापडला म्हणजे चोर नव्हताच तो. बसा, चहा घ्या, गार होऊन राहिला. सांगतो.

यंदा धान चांगलं झालं आमचं. नहराचं पानी वेळेवर आलं, मळणी झाली, पोत्याचे कट्टे भरून इथंच छपरीत थप्पी लावली. तर डिसेंबरात मले वाटे का थप्पी खाली बसून राहिली. एक दिवस मोजतो, आठ दिवसांनी मोजतो — एक कट्टा कमी. पुन्हा आठ दिवसांनी, आणखी एक. आमच्या ह्यांना म्हणलं, तर म्हणे, तूच चुकली मोजाले. मी? मी चुकीन मोजाले? वीरेंद्रले फोन केला, तेव्हा तो कॅमेरा आला. निसणी कोणं धरली होती मालूम आहे? ह्यांनीच. खाली उभे राहून, वर पाहून म्हणे, रात्री अंधारात याले काय दिसनार आहे! त्यांना वाटे का बल्ब बंद केला का कॅमेराबी झोपते.

तर तिसऱ्याच रात्री आला माणूस. पहाटेचे साडेतीन. वीरेंद्रच्या मोबाइलवर वाजलं तिकडं नागपूरले. त्यानं मले फोन नाही केला, त्यानं ते सरळ गावाच्या ग्रुपवर टाकलं — ओळखा म्हणे कोण आहे. सकाळी मी शेण टाकून येतो तर आंगणात वीस माणसं! पोलीस पाटील ईश्वरदास मोबाइल घेऊन उभा, अन् बाकीचे त्याच्या खांद्यावरून माना काढून. मले दाखवलं. डोक्याले दुपट्टा गुंडाळलेला, अंगावर घोंगडी, तोंड म्हणजे पांढरी भाकर. तो माणूस येते, डाव्या हातानं फाटक जराक उचलते — आमचं फाटक खाली घासते, नाही उचललं तर गाव उठवते — कट्टा सायकलवर ठेवते, बांधते, अन् मग जाता-जाता वापस येते अन् कोंबड्यायच्या खुराड्याची फळी सरकली होती, ते नीट करते. चोर! थंडीत कोंबड्या कुडकुडतीन म्हणून! ह्यांची सवयच आहे ते, लग्न झालं तेव्हापासून पाहून राहिली मी, रात्री पानी प्यायले उठले तरी —

काय?

नाही, ते मले मंग ध्यानात आलं. मंग. तवा कसं येईन, वीस माणसं समोर, सारे एकदम बोलून राहिले. तुमी तो स्क्रू पाहा, वाकडा जाऊन राहिला.

तर ईश्वरदास म्हणे, काकी, घर तुमचं, तुमीच सांगा, कोण वाटते? अन् कैलाश तिथंच होता. कैलाश म्हणजे आमच्या शेजारी, दोन घरं सोडून. पंधरा वर्षांपासून आमची शेती त्याच्याच हातात — नांगरनं, रोवनी, नहराची पाळी आली का रात्रभर धानाच्या बांधीवर उभं राहनं, सारं तोच. मोटारीच्या खोलीची चाबी त्याच्याचपाशी राहे. त्याची टीना तर माह्याच मांडीवर खेळली, माह्याच हातचा पहिला भात खाल्ला तिनं. तो बैलायले पानी पाजून राहिला होता, हातात बकेट. अन् मी म्हणलं — उंची पाहून म्हणलं, हो — कैलाशसारखा दिसते.

बस. एवढंच म्हणलं. "आहे" नाही म्हणलं, "दिसते" म्हणलं.

त्यानं हातातली बकेट खाली ठेवली. कमरेची चाबी सोडली, या ओट्यावर ठेवली, अन् गेला. बैल अर्धवट पानी पिऊन तसेच उभे. अन् आमचे हे? हे त्या खाटेवर बसले होते, दाढी करून राहिले होते. आरशातून पाहिलं त्यांनी माह्याकडं. गालाले साबन तसाच.

मग काय, गाव ते गावच आहे. पोलिसात नाही दिलं, मीच नको म्हणलं, पण दुकानात कैलाश गेला का लोकं बोलाचे थांबत. टीनाले पाहाले सालेकशाचे पाहुणे येनार होते त्या रविवारी, त्यांचा फोन आला, पुढं पाहू म्हणे. रेणू, कैलाशची बायको, नळावर मले दिसली तर घागर अर्धीच भरून निघून गेली. मी आपली कॅमेरा पाहत बसे रात्रभर. कट्टा काही पुन्हा गेला नाही.

हे जेवत नव्हते नीट. भात चिवडाचे अन् उठाचे. मी म्हणलं डॉक्टरकडं चला, तर नाही म्हणे.

अन् मग मंडई आली आमच्या गावची. तुमच्याकडं होते ना मंडई? मग तुमाले का सांगाचं — दिवसा बाजार, झुले, पाहुणे घरोघरी, अन् रात्री नाटक. आमच्याकडं यंदा मोठी कंपनी आणली होती, मांडवात पाय ठेवाले जागा नाही. पहिला अंक झाला. पडदा पडला, अन् ते माइकवर देणगी देणाऱ्यायची नावं सांगून राहिले होते. मी बायायमध्ये समोरच्या सतरंजीवर, भाजलेल्या शेंगा खाऊन राहिली. पाहतो तर आमचे हे स्टेजवर! मले वाटलं देणगी देऊन राहिले का काय मले न विचारता. माइक धरला दोन्ही हातानं, असा बकरीचा कान धरल्यासारखा. म्हणे, मी छोटेलाल. मोबाइलात कट्टा नेणारा माणूस सगळ्यायनं पाहिला, तो मी आहो. धान माहं, सायकल माही, अन् ज्या बहिणीकडं नेलं ते बहीणबी माहीच. कैलाशनं आमच्या घरची काडी उचलली नाही. मी तवाच बोलाले पाहिजे होतो, नाही बोललो, त्याची माफी मागतो सगळ्यायसमोर.

मग मागून कोणीतरी शिटी मारली, अन् हसले सारे, टाळ्या वाजवल्या, पेटीवाल्यानं एक सूर दाबून दिला. लोकायले वाटलं काय मजा झाली. ईश्वरदासनं तिथंच कैलाशले वर बलावलं, दोघांले गळाभेट करवली. कैलाश रडला. हे तर रडतच होते.

बहीण म्हणजे रुख्मा, माही नणंद. नहराच्या पलीकडच्या गावात राहते. अकरा वर्षं झाले, मी तिले या फाटकात पाय नाही ठेवू दिला. वीरेंद्रच्या लग्नात माह्या माहेरच्यायले भुकेले म्हणली ते, पंगतीत, सगळ्यायदेखत. मी म्हणलं, आता तू अन् तुहं तोंड मले दिसलं नाही पाहिजे. हे तवाबी गप्पच बसले. तिचा नवरा गेला तीन वर्षं झाले, अन् यंदा तिच्या बांध्या रानडुकरायनं सपाट केल्या, खायालेबी धान नाही राहिलं. मले कोणी सांगितलं? कोणी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मी — काय मालूम काय केलं असतं. आता हे दिवसाच नेते, मीच कट्ट्याचं तोंड शिवून देतो. रुख्मा येत नाही अजून. येईन.

पण पाहा, माइकवर आणखी एक बोलले हे. ते राहिलंच सांगाचं. म्हणे, माह्या घरच्यायची काही चूक नाही, तिनं मले ओळखलं नाही, त्या कॅमेऱ्यात चेहराच साफ दिसत नाही.

नाटक संपून घरी आलो, पायीच. फाटकापाशी आल्यावर हे म्हणे, कॅमेरा बदलून घे. चांगला लाव. एवढंच. अन् झोपले, पहिल्यांदा घोरले दोन महिन्यांत.

म्हणून तुमाले बलावलं. गावात सारे हेच म्हणते — काकी, तुमचा कॅमेराच खराब, तुमी काय करसान. दुकानात म्हणते, नळावर म्हणते. मीबी म्हणतो, हाव ना बाई, खराबच. मग चांगला लावाले नको? नाही लावला तर लोकं म्हणतीन, खराब होता तर बदलला काऊन नाही.

कैलाश? बोलते ना, ह्यांच्याशी बोलते. पानठेल्यावर बसते दोघं. फाटकाच्या आत येत नाही पण. एक दिवस मीच गेली चाबी घेऊन रस्त्यापर्यंत, म्हणलं, घे बाबू, झालं-गेलं. तर चाबीकडं पाहिलं नाही त्यानं. म्हणे, काकी, लग्नाले किती वर्षं झाले तुमच्या? मी म्हणलं, अडतीस. म्हणे, हाव. अन् गेला. आता हे काय विचारनं झालं? चाबीची गोष्ट काय, लग्नाची गोष्ट काय —

असे नोका पाहू माह्याकडं, भाऊ.

तुमाले काय वाटते, मले काय दिसलं नव्हतं? फाटक उचललं तवाच दिसलं मले. चेहऱ्याचं काय घेऊन बसले, तो माणूस पाठमोरा असता, घोंगडीत असता, तरी ओळखलं असतं. खुराड्याची फळी नीट करून राहिला तवा तर पक्कंच झालं. पण वीस माणसं होती! त्यांच्यासमोर काय म्हणू — माहाच नवरा माह्याच घरात चोरी करून राहिला, कारण त्याले त्याच्या बहिणीले मूठभर धान द्यायची माह्यापाशी सोय नाही? असं म्हणू? तोंडात जे नाव आलं ते आलं. समोर होता म्हणून आलं. बकेट घेऊन दुसरा कोणी उभा असता तर त्याचं आलं असतं. हे कोणालेच नाही सांगितलं मी. वीरेंद्रलेबी नाही. तुमी बाहेरचे, काम करून चालले जासान, म्हणून निघून गेलं तोंडातून.

ऐकू येऊन राहिले का बाजे? टीनाची हळद आहे आज. तेच सालेकशाचे पाहुणे, जमलं शेवटी. पत्रिका आली ना आमाले, दिली ह्यांच्या हाती. छापून "सहपरिवार" येते सगळ्यायच्या पत्रिकेवर, आमच्यावरबी होतं. पेनानं खोडलं आहे. साफ खोडलं, एक रेघ, सरळ. हे सकाळपासून तिथंच आहे, मांडव बांधून राहिले. मले म्हणे, तू येतं का? मी म्हणलं, माह्या घरी कॅमेरावाला येनार आहे, मी कशी येऊ.

काय म्हणलं तुमी?

नाही, ऐकलं मी, कॅमेरा खराब नव्हताच म्हणता. पुन्हा नोका म्हणू.

... राहू द्या ते वायर. राहू द्या म्हणलं ना. बल्बबी राहू द्या, उतरवा निसणी. उद्या या. नाही तर परवा या, नाही तर मीच फोन करीन. चपला कुठं गेल्या माह्या — ह्या. लुगडं बदलू का? नाही, बदलत बसली तर मग जानं नाही होत. जेवाले नाही जाऊन राहिली मी, हळद लावालेबी नाही, त्याच्या फाटकात उभी राहून कैलाशले बाहेर बलावतो. लोकं असतीन, असू द्या, तवाबी होते. काय बोलनार ते मले मालूम आहे, तुमी नोका सांगू. उठा आता. उठा, भाऊ, मले कडी लावाची आहे.