नानांनी रक्त राखून ठेवलं

...नाही, मला सांगा, रक्त म्हणजे काय द्राक्षं आहेत, कोल्ड स्टोरेजला लावायला? तुम्हाला सांगते, माझ्या लग्नाला दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, घरात मी फारशी बोलत नाही, आणि बोलायला गेलं की सासरे, म्हणजे नाना, पापड मोडावा तसं वाक्य मध्येच मोडतात, "तू नवी आहेस, पोरी!" पण सार्थकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, पायाला मुंग्या, चालताना चप्पल कधी निसटली तेही कळेना... नाशिकला डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं, हातातून रक्त घेतलं, दोन्ही नळ्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही सोबतच लॅबला पोचवा हं. दोन्हीतली प्रथिनं, अँटिबॉडी शेजारी शेजारी लावून बघायच्यात. नुसत्या पाण्यात सापडल्या, तर त्या मेंदू-मणक्याच्या आतच तयार होतायत. मग औषध वेगळं."

मला कळलं. पण नळ्या माझ्या हातात राहतायत होय! नानांचं पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाऊस, मालाचे नमुने लॅबला धाडण्यात केस पांढरे झालेले... "लॅबवाल्यांचं मला नको सांगू! सगळं एकदम द्यायचं नसतं. एक नमुना द्यायचा, जोडीचा आपल्यापाशी ठेवायचा. उद्या रिपोर्ट उलटा आला तर भांडायला काय राहील?" म्हटलं, अहो नाना, दोन्ही सोबत... "तू नवी आहेस!" सासूबाई लगेच, "अगं, ह्यांचा माल आजवर एकदा परत आला नाही!" माल! माझा नवरा माल!

झालं! पाणी गेलं लॅबला आणि रक्त गेलं पिंपळगावला, द्राक्षाच्या क्रेटांमागे, वर वॉचमनला ताकीद, "कुणी हात लावायचा नाय!" नाही हो लावला कुणी! इकडे सार्थक डोकं धरून आडवा, रोज विचारतोय, "काय झालंय गं मला? दिसेल ना नीट?" काय सांगू? मलाच कुठे माहितीये! आणि एके दिवशी लॅबचा फोन, "मॅडम, रक्त आलंच नाही, तपासणी अडलीय." नानांनी फोन ओढलाच, "आधी तुमचा रिपोर्ट दाखवा, मग आमचं रक्त दाखवतो!" सौदा चाललाय, सौदा! मी खुणा करतेय, द्या हो... "तू नवी आहेस, थांब!"

शेवटी धावतपळत नेलं. लॅबवाल्याने नळी उजेडात धरली, तोंड वाकडं केलं, "हे खराब झालं. पाणीही आता जुनं. दोन्ही पुन्हा घ्या, एकाच वेळी." म्हणजे कण्यात पुन्हा सुई!

घरी आलो, तर नाना चष्मा पुसतायत, पुसतायत, पुसतायत. सासूबाई निवडलेली कोथिंबीर परत निवडतायत. आता सार्थकला सांगणार कोण? तर नाना हळूच, मधाचं बोट लावल्यासारखं, "तूच सांग पोरी. बायको आहेस तू त्याची." वा! बोलायला नवी, आणि वाईट बातमी द्यायला घरची!

गेले. सांगितलं सगळं... नळ्या, क्रेट, वॉचमन. त्याने उशीवरूनच ऐकून घेतलं, धूसर डोळा चोळला, आणि काय म्हणाला माहितीये?

"मग तू आधी का नाही बोललीस?"