त्यांचीच

(धार. चिंतामणराव वकिलांची ओसरी, सकाळची वेळ. वकील झोपाळ्यावर. खाली जाजमावर तिरल्याहून आलेल्या सीताआत्या आणि त्यांची भाची दुर्गा.)

वकील: खोटं सांगायचं असेल, सीताबाई, तर वहाणा दाराशीच आहेत. घाला आणि निघा.

सीताआत्या: अहो, खोटं कुठं? दुर्गा पंचांपुढं काही बोललीच नाही, एवढंच म्हणायचं. तेवढ्यानं पोर हिला मिळाली तर कोणाचं काय जातंय?

वकील: देवासात अख्ख्या जातीनं जे ऐकलं, ते मी इथं बसून पुसून टाकू?

सीताआत्या: तुम्ही पुसाल हो! बदनावरच्या मालनचं पोर तुम्हीच सोडवून आणलंत ना? आमच्या तिरल्यात म्हणतात, चिंतामणरावांनी काळा डगला चढवला की समोरचा मागच्या दारानं पळतो.

वकील: डगला धोब्याकडे गेलाय. तुमची भाची काय म्हणते ते ऐकू द्या. दुर्गाबाई, नवऱ्याचं नाव काय?

दुर्गा: आत्या, तू सांग ना.

सीताआत्या: मल्हारराव. देवासला थोरल्या पातीच्या राजाच्या पागेत घोडी सांभाळतो. अगं, फारकत झाली ना त्याच्याशी? आता कसली आलीय नावाची लाज!

दुर्गा: तोंडाला सवय नाही.

वकील: राहू द्या. फारकत कशी झाली ते सांगा.

दुर्गा: त्यांनी दुसरी केली. तिला बाळ झालं. मग मी स्वयंपाकाची आणि माझी कुसुम पाळणा हलवायची. एवढीशी पोर, हात पोचत नाही, टाचा उंच करून हलवते. मी म्हटलं, मला मोकळं करा. देवीच्या टेकडीखाली पंच बसले. काडी मोडली. मी मोकळी झाले.

वकील: आणि मुलगी?

दुर्गा: पंचांतल्या पाटलांनी मला विचारलं, मुलगी कोणाची? मी म्हटलं, त्यांचीच.

सीताआत्या: तिथंच घात झाला! पंच म्हणाले, आईनंच कबूल केलं, पोरगी बापाची. गूळ वाटला नि उठले. मी पाठीमागं ओरडतेय, ओ पाटीलभिया, थांबा ना जरा! पण कोण ऐकतंय!

वकील: दुर्गाबाई, पोर हवी होती ना तुम्हाला? मग असं का म्हणालात?

दुर्गा: सासूबाई सगळ्या गल्लीत सांगत होत्या, पोरगी आमच्या रक्ताची नाही, धाकट्या पातीची आहे.

वकील: म्हणजे?

सीताआत्या: देवासचं ठाऊकच आहे तुम्हाला. रस्त्याच्या अलीकडं एक राजा, पलीकडं दुसरा. हिच्या दारासमोर, पलीकडं, बाग गावचा एक रंगारी राहतो. ही त्याच्याकडं लुगडी रंगवायला टाकायची. झालं, म्हातारीला तेवढं पुरलं. जीभ आहे का सुरी!

दुर्गा: मला वाटलं, पंच तेच विचारताहेत. सगळ्यांसमोर एकदाचा आळ जाऊ दे, म्हणून ठासून सांगितलं. त्यांचीच.

वकील: अरेरे. त्यांनी विचारलं एक, तुम्ही उत्तर दिलंत दुसऱ्याचं.

दुर्गा: घरी आले तर कुसुमला न्यायला मी बांधलेलं बोचकं तसंच पडलेलं, नि पोर कोणी देईना. तेव्हा कळलं.

वकील: हं. पण मग डाव आपल्याच हातात आहे की! मल्हाररावाला न्यायाधीशांपुढं उभा करतो आणि एकच विचारतो, पोर तुझी का? हो म्हणाला, तर बायकोवर खोटा आळ घेऊन संसार त्याच्याच घरानं मोडला. नाही म्हणाला, तर कोणत्या हक्कानं ठेवून घेतलीस? इकडे आड, तिकडे विहीर!

सीताआत्या: वा रे वा! बघ दुर्गे, ह्याला म्हणतात वकील. नुसती सुपारी फोडावी तसा मामला फोडला!

दुर्गा: नाही. हे विचारायचं नाही.

सीताआत्या: अगं ए!

दुर्गा: रागाच्या भरात नाही म्हणाले तर? भर कचेरीत? पुढं कुसुमला सोयरीक यायची, सासरी नांदायचंय तिला. बापानं दरबारात नाकारलेली पोर, असं म्हणतील लोक. मग ती माझ्या कुशीत असली काय नि नसली काय.

वकील: बाई, हा प्रश्न सोडला तर खटला जड जाईल. पंचांचा निवाडा न्यायाधीश सहजी मोडत नाहीत. कदाचित पोर मिळायचीच नाही.

दुर्गा: नाही मिळाली तर नवरात्रात टेकडीवर जाईन, ती देवीला येईल तेव्हा लांबून बघेन. जीव तुटेल माझा, तुटू दे. पण तुम्ही ते विचारणारच असाल, तर मी दुसरा वकील बघते.

सीताआत्या: हे राम! अगं, कोणाला बोलतेस? चिंतामणरावांना? वकीलसाहेब, पोरीला कळत नाही, मनावर घेऊ नका.

वकील: मनावरच घेतोय. इथं येणारा जो तो म्हणतो, काय वाटेल ते विचारा, पण जिंकून द्या. अशी अट घालणारं माणूस ह्या ओसरीवर आजवर आलं नव्हतं. शाबास, दुर्गाबाई. मला लाज वाटली जरा, पण बरं वाटलं.

दुर्गा: म्हणजे घ्याल माझं काम?

वकील: थांबा, वाट शोधू द्या. हे पाटील माणूस कसे?

दुर्गा: भले आहेत. देवीची शपथ घातली तर खोटं बोलायचे नाहीत.

वकील: मग नवऱ्याला सोडू आणि पाटलांना बोलावू. त्यांना विचारू, तुम्ही बाईंना काय विचारलंत? मुलगी कोणाची, की मुलगी कोणाकडे राहील?

दुर्गा: कोणाची, असंच विचारलं त्यांनी.

वकील: तेच तर! ती बापाची आहे हे आम्हाला मान्यच. राहील कोणाकडे, हे पंचांनी आईला विचारलंच नाही. मग त्याचा निवाडा झाला कुठं? तो न्यायाधीशांनी करावा, आणि लहान पोर आईपाशी द्यावी. कुणाच्या अब्रूला धक्का नाही.

सीताआत्या: अगं बाई! एका ‘ची’त नि एका ‘कडे’त एवढं सगळं? मी आपली जन्मभर दोन्ही एकच समजत आले.

दुर्गा: मिळेल ना मग कुसुम?

वकील: हमी देणारा वकील करू नये, बाई. जीव ओतून भांडेन, एवढं सांगतो. पण न्यायाधीश तुम्हालाही विचारतील. आत्ताच बोलून बघू. मी न्यायाधीश.

सीताआत्या: आणि मी?

वकील: तुम्ही कचेरीतला पंखा. पंखा हलतो, बोलत नाही. हं, दुर्गाबाई. मुलगी कोणाची?

दुर्गा: त्यांची...

वकील: त्यांची म्हणजे कोणाची?

दुर्गा: त्यांचीच की, साहेब.

वकील: समोरच्या रंगाऱ्यालाही तुम्ही ‘ते’च म्हणता ना? कारकून कागदावर नुसतं ‘त्यांची’ उतरवील. उद्या कोणी वाचलं तर काय समजेल? ज्या गोष्टीसाठी माझ्याशी भांडलात, तीच ह्या शब्दातून निसटून जाईल.

दुर्गा: म्हणजे नाव घ्यायचं?

वकील: सगळ्यांसमोर. मोठ्यानं.

दुर्गा: लग्नात उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर कधीच नाही.

वकील: मग उखाण्यात घ्या. न्यायाधीश नाही म्हणायचे नाहीत.

दुर्गा: नको. उखाणा कशाला आता. विचारा पुन्हा.

वकील: मुलगी कोणाची?

दुर्गा: बाप मल्हारराव. लेक माझी.

सीताआत्या: अगं, घेतलंस की गं नाव!

वकील: पंखा बोलला. दुर्गाबाई, पुन्हा.

दुर्गा: बाप मल्हारराव. लेक माझी.

वकील: बस. ह्याच्यापुढं एक अक्षर बोलायचं नाही. बाकीचं माझ्यावर सोडा.

दुर्गा: आणि बोलता बोलता रडू आलं तर?

वकील: येऊ द्या. त्यावर हरकत घ्यायचा कायदा अजून निघालेला नाही.

सीताआत्या: मग मला इथंच रडून घेऊ द्या, वकीलसाहेब. तिथं मी पंखा आहे.