विमानाचा उपास

तुम्हांला सांगते, रिटायर झाल्यापासून ह्यांचं एकच व्रत, कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायचं. परवा संकष्टीला भलतेच चिडले होते.

"पुस्तकात स्टॉल स्पीड दीडशे लिहिलाय. त्याच्याखाली वेग गेला तरच विमान कोसळायला हवं. हे एकशेऐंशीलाच कोसळतंय! आज आमच्या विमानवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर गेमवाल्यांची चूक काढतो."

मी म्हटलं, "अहो, पुस्तकातलं विमान उपाशी असेल. तुमचं जेवलंय का?"

"म्हणजे?"

"पोट भरलं की जड होतंच ना!"

ह्यांनी लगेच विमानाचा भार तपासला. टाकी फुल होती, शिवाय सहा बॉम्ब. बॉम्ब उतरवून, टाकीत थोडंच इंधन ठेवून पुन्हा उडवलं, तर बरोबर दीडशेला कोसळलं. आपलं विमान पडलं म्हणून टाळ्या वाजवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला!

ह्यांनी ग्रुपवर खरं ते कळवलं, माझ्या उपासाच्या प्रश्नासकट. लगेच ग्रुपमधल्या सीवूड्सच्या भावजींचा मेसेज, "वहिनी, माझं तर जमिनीवरून उठतच नाही. निर्जळी एकादशी करवू का?"