कौसाबाईचं लायसन

नाही, मला एक सांगा, सोपं म्हणजे नेमकं काय असतं हो? आमचा नवनीत पुण्याहून नवा कॉम्प्युटर पाठवतो, वर फोनवर म्हणतो, "सोपं शे, बाबा! जुनामाईन लायसन काढानं, नवामा टाकानं!" म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधलं प्रोग्रामचं लायसन काढून नव्यात घालायचं! अरे, मी लोणखेड्यात एकटा, तुझी माय दिवाळीआधी गेली, घरात विचारायला पाल आणि मी... म्हणे सोपं शे!

बरं, जुना कॉम्प्युटर कुणाचा? तिचा. पोराचं तोंड दिसावं म्हणून त्यानंच तिच्यासाठी घेतलेला. लायसनचा नंबर कुठे? कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर, चिठ्ठीवर. आणि चिठ्ठीवर काय? हळदकुंकू! दर दसऱ्याला ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, शिलाई मशीन आणि हा डबा... सगळ्यांना तिची बोटं! अर्धे आकडे कुंकवाखाली! नवनीत म्हणतो, "ओला फडकाघाई पुसा ना, बाबा, सोपं शे!"

पुसू? तुम्हाला सांगतो, फडकं ओलं केलं, पिळलं, हातात धरलं... आणि परत दोरीवर वाळत टाकलं. तिचं बोट आहे हो त्यावर.

मग नंबराशिवाय जमतंय का बघावं म्हणून लावला कंपनीला फोन. आधी ते बाजा वाजवतात, मग एक दाबा, दोन दाबा... शेवटी एक पोरगी आली, साखरेच्या आवाजात, "लायसन कुणाच्या नावावर आहे, सर?" म्हटलं, नवनीतच्या आईच्या. "नाव सांगा, सर." म्हटलं, सांगितलं ना, नवनीतची आई! "सर, पूर्ण नाव..." आता आली का पंचाईत! आमच्यात बायकोचं नाव घेतात होय? लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं, तेही मित्रांनी चिमटे काढले म्हणून. त्यानंतर आयुष्यभर 'ऐकलं का!' त्यावर संसार झाला, पोरगं इंजिनिअर झालं, कुठं काही अडलं नाही!

घेतलं शेवटी. "कौसाबाई." घसा साफ करून. जिला ऐकायला हवं होतं ती सोडून कंपनीच्या पोरीनं ऐकलं.

ती म्हणते, "मॅडमना फोन देता का? त्यांची परवानगी लागेल." म्हटलं, त्या नाहीत. "बाहेर गेल्यात? कधी येतील?"

काय सांगायचं, सांगा ना! म्हटलं, बाई, नाही येणार आता. मग ती हळूच, "सॉरी, सर... लायसन एका वेळी एकाच मशीनवर चालतं. जुन्यावरून काढू?" काढ, म्हटलं. जुन्या पडद्यावर रोज सकाळी यायचं, 'स्वागत आहे, कौसाबाई'. आणि मी त्याला सांगायचो, थांब, अंगणात आहे, येईल.

नव्या मशीननं विचारलं, नाव काय? पोरगी म्हणाली, "आता तुमचं टाका, सर." मी तिचंच टाकलं. संध्याकाळी फोनवर सांगितलं, तर नवनीत ओरडला, "बाबा, तुमनं नाव टाकानं व्हतं ना!" मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

तर नवं मशीन आता रोज सकाळी तिचं नाव घेतं, बिनधास्त, लाजत नाही की काही नाही. मी आपला अजून 'ऐकलं का, चालू झालं बरं!' वरच आहे. ऐकत कुणी नाही. चहा उठून मलाच टाकावा लागतो. तेवढं मात्र... सोपं शे.