पाणी आलं की कळवा

नाही, नाही, आत नको — चपला तिथंच काढा आणि पाय त्या मागच्या पायपुसण्यावर पुसा, पुढच्या नव्हे, पुढचं माझं आहे. हं. रागावू नका मिस्त्री, पण तुमच्या आधी आलेला प्लंबर तसाच आत घुसला, चिखलाचे पाय घरभर, आणि हात कशाला पुसावेत त्यानं? माझ्या टॉवेलला! जाळला मी तो टॉवेल. हसताय काय? जाळला म्हणजे जाळला. आणि एवढं करून दिवे काय लावले? नळ बदलले, म्हणाला आता बघा कशी धार येते. बघा की — ही धार! करंगळीएवढी. बादली लावून माणसानं अख्खा पेपर वाचून काढावा, तरी पाणी आपलं बुडाशीच. शॉवरचं तर नाव काढू नका, नुसता ठिबकतो, सर्दी झालेल्या नाकासारखा. शी!

शेजाऱ्यांकडे? धो धो येतं हो शेजाऱ्यांकडे. तो माणूस रोज गाडी धुतो, माझ्या नाकावर टिच्चून. नुसती धुतो बरं का, पुसत नाही, ओघळ तसेच — घाणेरडा लेकाचा. टाकी? भरलेली आहे, मी स्वतः झाकण उघडून बघतो. स्वयंपाकघरातही हीच रड, न्हाणीघरातही हीच, एक नळ धड नाही. मग? म्हणजे दोष नळांत नाही, वरच कुठंतरी आहे म्हणता? अहो, दुसरा एक येऊन गेला, तो म्हणाला जुनं घर, लोखंडी पाइप, आतून गंजून बुजलेत, सगळ्या भिंती फोडा. भिंती फोडा! म्हणजे धूळ, सिमेंट, चार गडी आणि त्यांचं खाकरणं-थुंकणं — मी त्याला दारातूनच वाटेला लावला.

खरं सांगू, मला एकट्याला पुरतं हो. माझं काही अडत नाही. अडलं ते बायकोचं. तिला लागतं भरपूर पाणी — केस धुवायचे, कपडे खळबळायचे — ती गेलीय बहिणीकडे. भांडणबिंडण काही नाही, भलता समज करून घेऊ नका. पाण्यामुळे. बॅग उचलली, म्हणाली, पाणी आलं की कळवा, मग येते. बस्स, एवढंच. बॅग म्हणजे — तीन होत्या, थंडीचे कपडेही नेले, पण बायकांचं सामान असतंच तसं. बोलणं होतं ना, का नाही होणार? मी फोन करतो, बहीण उचलते, म्हणते ती आंघोळीला गेलीय. सकाळी करा, दुपारी करा, आंघोळीलाच गेलेली! तिकडं पाणी बरं असावं.

चला गच्चीवर. कठड्याला हात लावू नका, कबुतरांनी घाण करून ठेवलीय, मी घासतो आणि ती परत हजर, निर्लज्ज मेली. ही टाकी, हा बाहेर पडणारा पाइप, हा कॉक — पूर्ण उघडाच आहे, बघा. पुढचा जोड? तो कशाला खोलताय? त्यात काही नाही. अहो, काही नाही म्हणतोय ना! बरं, खोला बाबा, लावा पाना, पण हळू.

शी, शी, शी! काय हे! गंज, शेवाळ, कसला तो बुळबुळीत गोळा — लांब धरा, लांब, मळमळतंय मला! जाळी? हो, जाळीच दिसतेय. कुणी बसवली ते मला काय माहीत, जुनं घर, असेल कुणी शहाणा. दुहेरी नाही, तिहेरी आहे. म्हणजे... असावी. असे काय बघताय? अहो, टाकीत पाल मरून पडली होती एकदा! तेच पाणी अंगावर घ्यायचं? म्हटलं, या घरात गाळल्याशिवाय थेंब येणार नाही. तर हिचं आपलं एकच पालुपद, अहो, पाणी कोंडलंय, काढा ती जाळी. उठता-बसता, काढा ती जाळी. तिची बहीण राहून गेली की मी चादरी उकळायचो, तिचा कप वेगळा ठेवायचो — दाराआड नाही हो, तिच्यादेखत — तेव्हाही ही मला... जाऊ द्या. तुम्हाला काय करायचंय? जोड लावा आणि खाली चला.

अरे! अहो, हा आवाज... बादली भरलीसुद्धा? बंद करा, बंद करा, उतू जातेय! शॉवरही? दिसतंय हो मला, आंधळा नाहीये मी. छान. काम चोख आहे तुमचं. काय? फोन? कुणाला? हां, तिला. कळवतो की. पाणी आलं म्हणतो, की ती... येईलच की. तिचेच शब्द आहेत, पाणी आलं की. आता आलंय पाणी. आता न यायला तिच्याकडे कारणच नाही काही. आजवर नाही आली ती पाण्यामुळे, बरोबर? आणि आता मी फोन केला, बहिणीनं उचलला आणि म्हणाली की —

मिस्त्री, जाळी कुठाय? टाकली नाहीत ना? परत बसवा. बरोबर ऐकलंत, परत बसवा. अंहं, धुऊ नका. आहे तशी, त्या घाणीसकट. आणा, द्या इकडे, मी धरतो — हातानंच धरतो, काही होत नाही मला. चला वर. आणि जोड घट्ट आवळून झाला की खाली नळ बघायला थांबू नका. चपला घाला आणि चालू लागा.